एशियाडमधली नेपाळची कामगिरी: शाळेच्या तक्त्यासाठी आकडे कसे जुळवायचे?

औसेकर_गुरुजी (ता. औसा, जि. लातूर)

29 ऑगस्टच्या क्रीडा दिनासाठी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात एक तक्ता लावायचाय. विषय ठरलाय: आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळची कामगिरी. भारताचे तक्ते जिकडंतिकडं असतात. एकेका पदकासाठी ज्या देशाला झगडावं लागतं, त्याचा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांपुढं यावा ही इच्छा. माप 3 बाय 4 फूट, म्हणजे जागा थोडी आहे.

अडचण अशी की आकडे जुळेनात. एका यादीत नेपाळची 51 सुवर्णपदकं, तर दुसरीकडं सुवर्ण एकही नाही. चीनमधल्या हांगझोऊची स्पर्धा कुठं 2022, कुठं 2023. नेपाळचे तायक्वांदो खेळाडू विधान लामा यांचं सोलचं कांस्य काही जण धरतात, काही जण सोडतात. आणि मुलं वेगळंच विचारायलेत: 9 चेंडूंत अर्धशतक मारणारा संघ, मग त्यांना क्रिकेटचं पदक का नाही?

कुठली स्पर्धा धरायची, कुठली सोडायची आणि रकाने कोणते ठेवायचे, हे जाणकारांनी सांगावं.

---

क्रीडानोंदी_नांदेड

गुरुजी, आधी 51 चा गुंता सोडवू. तो आकडा दक्षिण आशियाई स्पर्धेचा आहे, आशियाई स्पर्धेचा नाही. डिसेंबर 2019 मध्ये नेपाळ यजमान होता तेव्हा त्यांनी 51 सुवर्णं मिळवली आणि भारताच्या खाली दुसरा क्रमांक घेतला. त्या स्पर्धेत दक्षिण आशियातलेच देश असतात. चीन, जपान, कोरिया, इराण, उझबेकिस्तान यांपैकी कोणी तिथं नसतं. पूर्वी तिला 'सॅफ' म्हणत, नेपाळी वर्तमानपत्रं आता 'साग' लिहितात. नावात 'आशियाई' शब्द आहे, म्हणून यादी करणारे फसतात.

आशियाई क्रीडा स्पर्धा म्हणजे 1951 ला दिल्लीत सुरू झाली ती. (आपल्याकडं एसटीच्या निमआराम गाडीला एशियाड म्हणतात ते 1982 च्या दिल्लीच्या स्पर्धेवरून. मुलांना हे सांगा, नाव पक्कं लक्षात राहील.) नेपाळ 1951 च्या पहिल्या स्पर्धेतही होता, पण पदक मिळालं नव्हतं. आणि आजवर, म्हणजे हांगझोऊपर्यंत, नेपाळला इथं एकही सुवर्ण मिळालेलं नाही. तुमच्या दोन्ही याद्या आपापल्या जागी खऱ्याच आहेत, फक्त स्पर्धा दोन वेगळ्या आहेत.

तक्त्यात 1951 पासूनची प्रत्येक ओळ भरू नका, जागा मावणार नाही. हे टप्पे पुरेत:

1951 दिल्ली: पहिला सहभाग.
1986 सोल: 8 कांस्य. एका स्पर्धेत नेपाळला इतकी पदकं पुन्हा मिळालेली नाहीत.
1998 बँकॉक: 1 रौप्य, 3 कांस्य. सबिता राजभंडारी यांचं तायक्वांदोतलं हे रौप्य देशाचं पहिलं.
2002 बुसान: 3 कांस्य.
2006 दोहा: 3 कांस्य.
2010 ग्वांगझोऊ: 1 कांस्य, मुष्टियुद्धात दीपक महर्जन.
2014 इंचॉन: 1 कांस्य, कराटेत विमला तामाङ.
2018 जकार्ता-पालेंबांग: 1 रौप्य, पुरुषांच्या पॅराग्लायडिंग संघाला.
2022 हांगझोऊ: 1 रौप्य (कराटे, एरिका गुरुंग) आणि 1 कांस्य (महिला कबड्डी).

1998 पासूनच्या सात स्पर्धांची बेरीज करा: 3 रौप्य, 12 कांस्य, एकूण 15. तक्ता छापायला देण्याआधी ही बेरीज ओळींवरून पुन्हा लावून बघा. आकडा चुकतो तो बहुधा एखादी ओळ दोनदा आल्यामुळं.

वर्षाबद्दल: हांगझोऊची स्पर्धा कोरोनामुळं वर्षभर पुढं गेली आणि 23 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर 2023 ला झाली. अधिकृत नाव मात्र 2022 च राहिलं. तुम्ही '2022 (प्रत्यक्षात 2023)' असं लिहा. नुसतं 2023 लिहिलंत तर चौकस पोरगं विचारील की चार वर्षांचं अंतर पाच कसं झालं.

विधान लामा यांचं कांस्य 1988 च्या सोल ऑलिम्पिकमधलं. तायक्वांदो तेव्हा प्रदर्शनीय खेळ होता, त्यामुळं ते पदकतक्त्यात धरत नाहीत. शिवाय ते ऑलिम्पिक, हे एशियाड. घोळ सोलमुळं होतो: 1986 चं एशियाड सोलला आणि 1988 चं ऑलिम्पिकही सोललाच.

---

धाराशिव_मैदान

वरच्या यादीत भर. हे तीन प्रकारही बाहेर ठेवा.

एक, एकाच खेळाची 'आशियाई अजिंक्यपद स्पर्धा'. तायक्वांदो, कराटे, मुष्टियुद्ध या सगळ्यांच्या अशा स्पर्धा असतात आणि बातमीत 'आशियाई स्पर्धेत कांस्य' एवढंच छापून येतं. शब्द नीट बघा: 'अजिंक्यपद' असेल तर सोडून द्या.

दोन, दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा. पलेशा गोवर्धन यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये पॅरा-तायक्वांदोत कांस्य जिंकलं, आणि ऑलिम्पिक-पॅरालिम्पिक दोन्ही मिळून नेपाळचं ते पहिलं पदक. इतकी मोठी गोष्ट तक्त्यावर यायलाच पाहिजे, पण खाली वेगळ्या चौकटीत. मुख्य बेरजेत मिसळू नका.

तीन, खो-खो. आपल्याकडं हा प्रश्न हमखास येणार. जानेवारी 2025 च्या दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात पुरुष आणि महिला दोन्ही अंतिम सामने भारत विरुद्ध नेपाळ झाले. दक्षिण आशियाई स्पर्धेतही खो-खो खेळवलाय. पण आशियाई क्रीडा स्पर्धेत हा पदकाचा खेळ नाही. ज्या खेळात नेपाळ जगात दुसरा आहे, तोच खेळ एशियाडमध्ये नाही, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

---

औसेकर_गुरुजी

नांदेडकर, धाराशिवकर, दोघांचेही आभार. वर्षं आणि स्पर्धा दोन्ही गाठी सुटल्या. आता रकान्यांचं सांगा. वर्ष, ठिकाण, सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण असे सहा डोक्यात आहेत. सुवर्णाच्या रकान्यात सगळीकडं शून्यच येतंय, तो काढून टाकू का?

---

परभणी_रेडर

सर, सुवर्णाचा रकाना काढू नका. शून्य हीसुद्धा नोंदच आहे. त्याऐवजी 'एकूण' काढा, ते मुलांना करू द्या. आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक रकाना वाढवा: 'पदकापर्यंतची वाट'. किती संघ होते, किती सामने झाले, कुठल्या फेरीत हरले. हे नसेल तर कांस्याचा अर्थच कळत नाही.

हांगझोऊच्या महिला कबड्डीचं बघा. एकूण 7 संघ. 'अ' गटात भारत, चिनी तैपेई, थायलंड, दक्षिण कोरिया. 'ब' गटात तीनच: इराण, नेपाळ, बांगलादेश. गटातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. नेपाळनं बांगलादेशला हरवलं, इराणकडून हार पत्करली, तरी उपांत्य फेरी मिळाली. तिथं भारतानं 61-17 असं हरवलं. कबड्डीत तिसऱ्या क्रमांकाचा सामना नसतो, उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना कांस्य मिळतं. म्हणजे तीन सामने, एक विजय, एक कांस्य.

आता कोणी म्हणेल, हे स्वस्तातलं पदक. तसं म्हणू नये. ज्या बांगलादेशाला नेपाळनं हरवलं, त्याच बांगलादेशानं 2010 आणि 2014 ला महिला कबड्डीत कांस्य घेतलं होतं. म्हणजे आधी पदक घेतलेल्या संघाला बाजूला सारून नेपाळनं ती जागा मिळवली. तक्त्यात '7 संघ, 3 सामने, 1 विजय (बांगलादेशावर)' एवढं लिहिलं की पूर्ण गोष्ट येते. तोच भारतीय संघ पुढं अंतिम सामन्यात चिनी तैपेईला 26-25 असं जेमतेम एका गुणानं हरवून सुवर्ण घेऊन गेला, आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरलं.

नेपाळची पदकं मारामारीच्या खेळांत का जास्त, याचंही उत्तर याच रकान्यात आहे. मुष्टियुद्ध आणि तायक्वांदोत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य. कराटेत हरलेल्यांना पुन्हा एक वाट मिळते आणि तिथंही कांस्यं दोन. म्हणजे एका वजनगटात चार पदकं. धावण्यात एका शर्यतीत तीनच, आणि समोर अख्खा आशिया. शिवाय वजनगट असल्यामुळं 50 किलोच्या खेळाडूला 50 किलोचाच प्रतिस्पर्धी भेटतो. ज्या देशाकडं मोजकेच खेळाडू पाठवायचे पैसे आहेत, तो याच खेळांवर जोर देणार, आणि त्यात शहाणपणच आहे.

आणखी एक: सांघिक पदक एकच मोजतात. कबड्डीच्या संघात बारा जणी असतात, गळ्यात बारा पदकं पडतात, तक्त्यात मात्र 1. नाहीतर मुलं फोटो बघून मोजत बसतात.

---

नांदेड_वाचनालय

गुरुजींना खात्री करायची असेल तर नेपाळी वर्तमानपत्रं वाचायला मराठी माणसाला अडचण नाही, लिपी आपलीच आहे. शब्द ओळखून घ्या: 'स्वर्ण' आपलंच, रौप्याला ते 'रजत' म्हणतात, कांस्य कधी 'कांस्य' तर कधी 'कास्य' छापतात. 'एसियाली खेलकुद' किंवा 'एसियाड' म्हणजे तुम्हाला हवी ती स्पर्धा. 'दक्षिण एसियाली खेलकुद' किंवा 'साग' दिसलं की थांबा, ती दुसरी. 'राखेप' म्हणजे राष्ट्रिय खेलकुद परिषद, तिथली सरकारी क्रीडा यंत्रणा.

सगळ्यात मोठा खड्डा सनाचा आहे. नेपाळमध्ये रोजचा कारभार विक्रम संवतावर चालतो आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला, वैशाखाच्या 1 तारखेला सुरू होतं. मध्य एप्रिल ते डिसेंबर या काळातली तारीख असेल तर संवतातून 57 वजा करा. जानेवारी ते मध्य एप्रिल असेल तर 56.

तीन उदाहरणं करून बघा. सोलची स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली, बातमीत 2043 येईल: 57 वजा, 1986. बँकॉकची डिसेंबरमध्ये, 2055: 57 वजा, 1998. पण गुवाहाटी-शिलाँगची दक्षिण आशियाई स्पर्धा फेब्रुवारीत झाली, तिथं संवत 2072 दिसेल. सवयीनं 57 वजा केले तर 2015 येतं आणि स्पर्धा एक वर्ष मागं सरकते. 56 वजा करा, मग बरोबर 2016.

सर, सातवीच्या मुलांना ही तीन वजाबाक्या गणिताच्या तासाला देता येतील.

---

औसेकर_गुरुजी

वाह, हे फार कामाचं. क्रिकेटचं कोणी सांगेल का? मुलांचा जीव त्यातच अडकलाय.

---

क्रीडानोंदी_नांदेड

सांगतो. 27 सप्टेंबर 2023, हांगझोऊ, नेपाळ विरुद्ध मंगोलिया. नेपाळ 20 षटकांत 3 बाद 314. कुशल मल्ल 50 चेंडूंत नाबाद 137, शतक 34 चेंडूंत. दीपेंद्रसिंह ऐरी 10 चेंडूंत नाबाद 52, त्यात 8 षटकार, अर्धशतक 9 चेंडूंत. युवराजचा 2007 चा 12 चेंडूंचा विक्रम तिथं मोडला. मंगोलिया 41 वर सर्वबाद, विजय 273 धावांनी. मंगोलियाचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना होता, हेही लिहा, म्हणजे माप नीट राहील.

पदक का नाही, तर 3 ऑक्टोबरला उपांत्यपूर्व फेरीत गाठ भारताशी पडली. ऋतुराज गायकवाड कर्णधार, यशस्वी जयस्वालच्या 49 चेंडूंत 100 धावा, भारत 4 बाद 202. नेपाळ 9 बाद 179. फक्त 23 धावांनी हरले. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला काही मिळत नाही. क्रिकेटमध्ये कांस्यासाठी वेगळा सामना असतो आणि त्यासाठी आधी उपांत्य फेरी गाठावी लागते. परभणीकरांनी सांगितलेली कबड्डीची वाट आणि ही वाट मुलांपुढं शेजारीशेजारी ठेवा. कबड्डीत 44 गुणांनी हरून कांस्य, इथं 23 धावांनी हरून रिकामा हात. दोन्ही ठिकाणी समोर भारत, फरक फक्त फेरीचा. नेपाळच्या हांगझोऊतल्या सगळ्या खेळांत मला तरी हाच सामना सर्वांत मोलाचा वाटतो, आणि पदकतक्त्यात त्याचा मागमूसही नाही.

'विश्वविक्रम' लिहिताना जपून. शतकाचा विक्रम पाच महिन्यांतच गेला: फेब्रुवारी 2024 मध्ये नामिबियाच्या लॉफ्टी-ईटननं 33 चेंडूंत शतक केलं, तेही कीर्तिपूरला नेपाळविरुद्धच. 314 ची धावसंख्याही ऑक्टोबर 2024 मध्ये झिम्बाब्वेनं मागं टाकली. तक्त्यावर 'त्या वेळचा विक्रम' असे तीन शब्द घाला.

पॅराग्लायडिंगच्या रौप्याबद्दलही एक ओळ हवी. 2018 ला हा खेळ एशियाडमध्ये पहिल्यांदा आला. पोखऱ्याच्या सारंगकोट डोंगरावरून रोज उडणाऱ्या देशाला तो हातचा होता, संघाला रौप्य मिळालं. हांगझोऊत खेळच नव्हता. मिळवलेली जागा राखायची संधीच गेली. लहान देशाचं पदक कधी कधी खेळांच्या यादीवरच अवलंबून असतं, ते असं.

---

बीडकर_धावपटू

नेपाळला 'लहान देश' म्हणताना थोडं थांबा. 2021 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 2 कोटी 91 लाख. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची 2011 ला होती 1 कोटी 87 लाख. नेपाळ माणसांनी लहान नाही, खेळावर होणाऱ्या खर्चानं आणि सोयींनी लहान आहे.

मुलांना जवळचं उदाहरण द्यायचं तर अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा. हांगझोऊत 1 ऑक्टोबरला 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत) 8 मिनिटं 19.50 सेकंदांत सुवर्ण, स्पर्धाविक्रमासह, आणि मग 5000 मीटरमध्ये रौप्य. या एका गड्याची पदकं त्या स्पर्धेतल्या अख्ख्या नेपाळ पथकाइतकी, दोन. नेपाळला कमी लेखायला हे सांगत नाही. अविनाशला लष्करानं उचललं, तिथं प्रशिक्षण मिळालं, खुराक मिळाला. नेपाळमध्येही वाट तीच आहे: त्रिभुवन आर्मी क्लब, नेपाळ पोलिस क्लब, सशस्त्र प्रहरी (तिथलं सशस्त्र पोलिस दल). तिथल्या पुष्कळ खेळाडूंच्या नावापुढं यांतलं एखादं नाव दिसेल. नोकरी असेल तरच सराव टिकतो, हे बीडलाही खरं आणि पोखऱ्यालाही.

दर दहा लाख माणसांमागं किती पदकं, असा रकाना कोणी सुचवला तर घेऊ नका. बहारीनची लोकसंख्या सुमारे 15 लाख आणि हांगझोऊत 12 सुवर्णं. त्यांच्या धावपटूंत आफ्रिकेत जन्मलेले बरेच. महिलांच्या स्टीपलचेसमध्ये आपल्या पारुल चौधरीच्या पुढं सुवर्ण घेतलं ती विनफ्रेड यावी जन्मानं केनियाची. हे नियमात बसतं, पण त्या आकड्याशेजारी नेपाळचा आकडा ठेवला तर तुलनाच चुकते. तुलना करायचीच तर भूतान, मालदीव आणि तिमोर-लेस्तेशी करा. हांगझोऊपर्यंत या तिघांना एशियाडमध्ये एकही पदक नाही.

शिवाय तक्त्याच्या तळाशी 'माहिती अमुक तारखेपर्यंत' असं लिहाच. पदकं मागाहून बदलतात. 2018 च्या मिश्र रिलेत भारताला आधी रौप्य होतं. बहारीनची धावपटू उत्तेजक चाचणीत सापडली आणि ते सुवर्ण झालं.

---

जालना_छपाई

छपाईचं सांगतो, कारण सगळी मेहनत शेवटी इथं वाया जाते.

3 बाय 4 फुटांवर 9 ओळी आणि 6 रकाने बसतात. ओळीची उंची 3 इंच ठेवा, आकडे एक इंच उंच, म्हणजे 10 फुटांवरून वाचता येतात. 'पदकापर्यंतची वाट' हा रकाना 15 इंच रुंद ठेवा आणि त्यातली अक्षरं अर्ध्या इंचाच्या खाली नेऊ नका. आडव्या मांडणीत हे नीट बसेल. उभ्या मांडणीत शेवटचा रकाना दाबला जातो.

मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप होतो आणि बऱ्याच दुकानांत जुने फॉन्ट असतात. बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. 'स्पर्धा', 'कांस्य', 'तायक्वांदो', 'हांगझोऊ', 'तामाङ' हे पाच शब्द आधी तपासा, बिघडले तर इथंच बिघडतात. 'ङ' तर पुष्कळ फॉन्टांत नसतोच, त्याच्या जागी चौकोन येतो. 'तामांग' लिहिलंत तरी चालेल. मजकूर वर्डच्या फाइलमध्ये न देता पीडीएफ करून द्या, आणि छापण्याआधी ए-फोर कागदावर एक प्रत मागून घ्या.

रंग: रौप्याला राखाडी आणि कांस्याला तपकिरी देतात, व्हरांड्यातल्या उन्हात दोन्ही सहा महिन्यांत सारखेच दिसायला लागतात. रंगावर भिस्त ठेवू नका, रकान्याच्या डोक्यावर शब्द लिहा.

---

औसेकर_गुरुजी

मसुदा तयार झाला. रकाने: वर्ष, ठिकाण, सुवर्ण, रौप्य, कांस्य, पदकापर्यंतची वाट. 'एकूण' मुलं खडूनं भरतील. खाली दोन चौकटी: एक पलेशा गोवर्धन यांची, दुसरी क्रिकेटची, त्यात '23 धावांनी हार' ठळक. शेवटच्या ओळीत '2022 (प्रत्यक्षात 2023)'. संवताच्या तीन वजाबाक्या वेगळ्या कागदावर.

एक शंका राहिली. 1986 च्या ओळीत 'वाट' या रकान्यात काय लिहू? आठही पदकांचं मावणार नाही.

---

परभणी_रेडर

सर, तिथं फक्त '8 कांस्य, एका स्पर्धेतली सर्वाधिक पदकं' एवढंच लिहा. तायक्वांदो एशियाडमध्ये आलं तेच 1986 ला, ते जोडलंत तर ओळ पूर्ण होते. आणि कबड्डीच्या ओळीत 61-17 लिहिताना आधी भारत, मग नेपाळ हे नीट कळू द्या. मसुद्यात ते उलटं वाचलं जातंय.